वॉर्डातल्या सिस्टरसाठी स्क्रीन आखताना: औषधांच्या फेरीचं उदाहरण

वॉर्डात टॅबलेट आला की पहिल्या महिन्यात एक दृश्य हमखास दिसतं. रजिस्टर जागेवरच असतं आणि टॅबलेट त्याच्या शेजारी येऊन बसतो. सिस्टर तेच औषध आधी ड्रग शीटवर (पेशंटच्या औषधांच्या तक्त्यावर) लिहितात, मग पडद्यावर टिपतात, आणि ड्युटी संपल्यावर थांबून राहिलेलं पूर्ण करतात. दोन-तीन महिन्यांनी टॅबलेट इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात कुलुपात जातो. मग सॉफ्टवेअरवाले म्हणतात, यांना तंत्रज्ञान जमत नाही. ते खरं नसतं. याच सिस्टर युपीआयने पैसे पाठवतात, मुलांच्या शाळेचे ग्रुप सांभाळतात. एकाच कामाला दोनदा वेळ देणं मात्र तीस पेशंटच्या वॉर्डात कुणालाच जमत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: कोणता कागद जाणार, म्हणजे बंद होणार, हे ठरल्याशिवाय पहिली स्क्रीन काढू नका. पुढच्या पायऱ्या रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या टीमसाठी आहेत, आणि ते विकत घेणाऱ्या रुग्णालयांसाठीही. उदाहरण म्हणून जनरल वॉर्डातली औषधांची फेरी घेतली आहे. ती दिवसातून अनेकदा होते, चूक झाली तर पेशंटच्या अंगावर येते, आणि डॉक्टर, सिस्टर, फार्मसी, नातेवाईक असे सगळे तिच्यात येतात.

पायरी १: उभं राहून पाहा, आणि रात्रीही पाहा

अधीक्षक, मेट्रन (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख) आणि त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर या तिघांची परवानगी घ्या. संशोधन म्हणून करत असाल तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीचीही लागेल. वहीत पेशंटची नावं लिहायची नाहीत, केसपेपरचे फोटो काढायचे नाहीत. सिस्टरांना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगा की तुम्ही त्यांचं काम तपासायला आलेला नाहीत आणि मेट्रनना कुणाचंही नाव कळणार नाही. मग तो शब्द पाळा.

औषध कसं देता असं विचारलंत तर उत्तर पाठ्यपुस्तकातलं येईल: योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. खोटं कुणी बोलत नाही, पण गर्दीच्या वेळी हात काय करतात हे हातांनाच माहीत असतं. त्यामुळे मुलाखती नंतर घ्या, आधी बघा. वहीत प्रत्येक नोंदीसाठी चार गोष्टी लिहा: किती वाजले, हातात काय होतं, कुणी मध्येच थांबवलं, आणि लागणारी माहिती कुठून घेतली. यातली दुसरी सर्वांत जास्त उपयोगी पडते. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात सिरिंज असेल तर तुमचा टॅबलेट तिसऱ्या हातात धरायचा का, हा प्रश्न तिथेच समोर येतो.

बारीक गोष्टी सोडू नका. सलाईनच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहिलेली वेळ आणि थेंबांचा वेग, हातमोज्यावर टिपलेलं ब्लडप्रेशर, एप्रनच्या खिशातली घडी घातलेली चिठ्ठी या सगळ्या नोंदी आहेत, आणि त्या चालतात. माहिती जिथे लागते तिथेच ती ठेवलेली असते. तुमची स्क्रीन या चिठ्ठीपेक्षा हळू असेल तर चिठ्ठीच जिंकणार.

बऱ्याच सरकारी रुग्णालयांत सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या असतात. सकाळी राउंड असतो, विद्यार्थिनी असतात, माणसं असतात. तेवढंच पाहून आखणी केलीत तर ती फसते. रात्री माणसं कमी, दिवे मंद, आणि दहाची औषधं देऊन होईपर्यंत नवीन ॲडमिशन आलेलं असतं. आखणी त्या बारा तासांसाठी करा, सकाळ आपोआप सांभाळली जाईल.

पायरी २: कागदांची मोजदाद

वॉर्डातला प्रत्येक कागद टेबलावर मांडा: केसपेपर, ड्रग शीट, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी), ओव्हरची वही (पुढच्या पाळीला काम सोपवण्याची), इंडेंट बुक (सामान मागवण्याची वही), स्टॉक रजिस्टर. प्रत्येकाबद्दल विचारा: कोण लिहितं, कोण वाचतं, केव्हा वाचतं, आणि हरवला तर कुणाचं काय अडतं? काही रजिस्टरं कुणीच वाचत नाही असं इथे कळतं. ती आधीच बंद करता आली तर तुमच्या प्रकल्पाचं पहिलं यश एक ओळ कोड न लिहिता मिळेल.

कागद कुठे तोकडा पडतो तेही इथेच दिसतं. पेशंट एक्स-रेला गेला की केसपेपर त्याच्याबरोबर जातो, आणि तेवढा वेळ डॉक्टरांची ऑर्डर काय होती हे वॉर्डात कुणालाच बघता येत नाही. हस्ताक्षर लागत नाही म्हणून हाउसमनला (वॉर्डाच्या शिकाऊ डॉक्टरला) फोन करावा लागतो. स्क्रीनचा खरा फायदा अशा जागी आहे. पण कागद जिथे सरस आहे तेही मान्य करा. ड्रग शीट उघडली की आठवडाभराची औषधं एका नजरेत दिसतात: कोणतं अँटिबायोटिक कितव्या दिवशी आहे, कोणता डोस राहिला, लाल शाईत ॲलर्जी. बहुतेक ॲप फक्त आजचा दिवस दाखवतात आणि ही नजर हिरावून घेतात.

आता जाणाऱ्या कागदांची यादी करा आणि अधीक्षकांची सही घ्या. तोंडी होकारावर थांबू नका, कारण पुढे एनएबीएचचे (रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाचे) तपासनीस रजिस्टर मागतात, पोलीस केस असली की कोर्टात सही असलेला कागद लागतो, आणि मग इन्चार्ज सिस्टर साहजिकच म्हणतात, 'दोन्ही ठेवा.' एखादं रजिस्टर जाऊच शकत नसेल, तर ॲपने ते त्याच नमुन्यात छापून दिलं पाहिजे. हाताने पुन्हा उतरवणं हा पर्याय धरायचाच नाही.

जोनाथन ग्रूडिन या अभ्यासकाने १९८८ मध्ये मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो: एकत्र कामासाठीची सॉफ्टवेअरं फसतात, कारण माहिती भरण्याचे कष्ट एकाचे असतात आणि फायदा दुसऱ्याचा. सिस्टरांनी भरायचं आणि डॅशबोर्ड वरच्या साहेबांनी बघायचा, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. प्रत्येक रकान्यासमोर लिहा: हे भरल्यावर भरणाऱ्या सिस्टरला त्याच पाळीत काय मिळतं? उत्तर नसेल तर रकाना काढा. ओव्हरच्या वेळेला लागणारा मजकूर आपोआप तयार मिळत असेल, तर औषधाची नोंद कुणी टाळत नाही.

पायरी ३: चित्र काढण्याआधी धोके लिहा

इथे घाई करू नका. वैद्यकीय उपकरणांच्या वापरसुलभतेसाठी आयईसी ६२३६६-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा गाभा साधा आहे: माणूस हे यंत्र वापरताना कुठे चुकू शकेल आणि त्यातून काय इजा होईल, हे आधी लिहा आणि आखणी त्याभोवती करा.

या विषयातलं सर्वांत दुःखद उदाहरण थेराक-२५ या किरणोपचार यंत्राचं. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला आणि काही जण दगावले. टेक्सासमधल्या टायलर इथे १९८६ मध्ये चालक महिलेने किरणांचा प्रकार चुकून वेगळा टाइप केला, लगेच वर जाऊन दुरुस्त केला, आणि ही दुरुस्ती इतकी झटपट झाली की यंत्रात तो बदल पूर्ण उतरलाच नाही. पडद्यावर आलं 'मालफंक्शन ५४'. याचा अर्थ तिला कुणी सांगितलेला नव्हता. असे संदेश रोजच येत, म्हणून तिने पुढे जाण्याची कळ दाबली. सरावलेल्या माणसाचा वेग गृहीत न धरलेला, संदेशाला अर्थ नाही, आणि खोट्या इशाऱ्यांची सवय लागलेली. या तिन्ही गोष्टी आजही कुठल्याही वॉर्डच्या ॲपमध्ये सापडतील.

आपल्याकडचा धोका बघायचा तर इन्शुलिन घ्या. भारतात कुपीतलं इन्शुलिन ४० युनिट प्रति मिलीलिटर आणि १०० युनिट प्रति मिलीलिटर अशा दोन्ही तीव्रतांत मिळतं. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अर्धा मिलीलिटर येतं, म्हणजे ५० युनिट, अडीचपट. ऑर्डरमध्ये फक्त '२० युनिट' असेल तर ॲपने काहीही चुकीचं न दाखवता ही चूक घडू शकते. म्हणून इन्शुलिनच्या ओळीत कुपीची तीव्रता आणि टोपणाचा रंग शब्दांत लिहा. नुसता रंगीत ठिपका नको, लाल-हिरवा फरक न कळणारे लोक स्टाफमध्येही असतात. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचंही असंच: १००० आणि ५००० युनिट प्रति मिलीलिटरच्या कुप्या शेजारी शेजारी असतात.

अंकांची शिस्त आधीच ठरवा. पूर्णांकानंतर दशांश शून्य लावायचं नाही, कारण टिंब पुसट दिसलं की पाच मिलिग्रॅमचे पन्नास होतात. एकापेक्षा कमी असेल तर टिंबाआधी शून्य हवंच. युनिट आणि मायक्रोग्रॅम पूर्ण लिहायचे. औषधांच्या मात्रेसाठी इंग्रजी अंकच ठेवा. स्ट्रिपवर, कुपीवर, सिरिंजवर तेच असतात, आणि घाईत देवनागरीतले १ आणि ९ एकमेकांसारखे दिसू शकतात. डोपामिन आणि डोब्युटामिनसारखी जुळी नावं यादीत एकाखाली एक येऊ देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात: तुमचं सॉफ्टवेअर डोस काढून देणार असेल किंवा उपचार सुचवणार असेल, तर ते वैद्यकीय उपकरण ठरू शकतं. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आणि २०२० ची व्याख्येची अधिसूचना जाणकाराकडून समजून घ्या. वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आहे, आणि एचआयव्हीबाबतची गोपनीयता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कॉटशेजारी नातेवाईक उभे असतात, तेव्हा पडद्यावर निदान मोठ्या अक्षरात दाखवू नका.

पायरी ४: पेशंट कोणता, हे ठरवणं

परदेशी धाटणीची सॉफ्टवेअरं आपल्या वॉर्डात पहिल्यांदा इथे अडखळतात. त्यांना वाटतं एक कॉट म्हणजे एक पेशंट. आपल्याकडे दोन कॉटच्या मध्ये गादी घालून फ्लोअरवर पेशंट असतो. प्रसूती वॉर्डात एका कॉटवर आई आणि बाळ असतात. बाळाला नाव नसतं, जुळी असली तर दोन 'बेबी ऑफ सुनीता' होतात. ॲपने 'ही कॉट भरलेली आहे' असं अडवलं की सिस्टर फ्लोअरच्या पेशंटला मिळेल त्या रिकाम्या क्रमांकावर टाकतात, आणि तिथून चुकीचं औषध फार लांब नसतं.

त्यामुळे कॉट हा फक्त पत्ता समजा, ओळख नको. ओळख आयपीडी क्रमांकाने (दाखल होताना मिळणाऱ्या नोंदणी क्रमांकाने) आणि मनगटपट्टीने करा, सोबत पूर्ण नाव, वय आणि दाखल झाल्याची तारीख दाखवा. १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर नोंदवा, पण औषध देताना कुणाला तो टाइप करायला लावू नका. सारख्या आडनावाचे दोन पेशंट वॉर्डात असतील तर दोघांच्याही ओळीवर तसं ठळक लिहून यायला हवं.

औषध देण्याआधी मनगटपट्टी स्कॅन करण्यासाठी तिच्यावर बारकोड लावायचा विचार असेल तर २००८ साली प्रसिद्ध झालेला रॉस कोपेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास लक्षात ठेवा. अमेरिकन रुग्णालयांत बारकोडच्या पद्धतीला वळसा घालण्याचे १५ प्रकार आणि त्यामागची ३१ कारणं त्यांना सापडली. पट्टी भिजते, फाटते, स्कॅनर कॉटपर्यंत पोहोचत नाही, बॅटरी संपते. मग पट्टीची प्रत काढून दुसरीकडे चिकटवली जाते आणि तिथूनच स्कॅन होतो. नोंद अचूक दिसते, पेशंट तपासलेलाच नसतो.

पायरी ५: स्क्रीन

एका पेशंटचं एक पान: वर ओळख आणि ॲलर्जी, खाली आत्ता द्यायची औषधं, शेजारी सात दिवसांची पट्टी. प्रत्येक औषधासमोर दोनच बटणं, 'दिलं' आणि 'नाही दिलं'. बटणं निदान बारा-पंधरा मिलिमीटरची ठेवा. फोनसाठीची नेहमीची नऊ मिलिमीटरची शिफारस हातमोजे आणि सॅनिटायझरने ओल्या बोटांना पुरत नाही.

'नाही दिलं' मागची कारणं वॉर्डातूनच गोळा करा: पेशंट उपाशी ठेवलाय, एक्स-रेला गेलाय, उलटी झाली, नको म्हणाला, स्टॉक नाही, बाहेरून आणायला चिठ्ठी दिली आणि नातेवाईक अजून आले नाहीत. शेवटची दोन कारणं तयार सॉफ्टवेअरमध्ये सहसा नसतात, आणि सरकारी वॉर्डात तीच सर्वांत जास्त दाबली जातील. ती नसली की सिस्टर 'इतर' दाबतात, आणि औषधं कुठे अडतात हे कधीच कळत नाही.

वेळेचा प्रश्न नाजूक आहे. सिस्टर आधी सगळ्यांना औषधं देतात आणि मग बसून सह्या करतात. ॲपने बटण दाबल्याची वेळ हीच दिल्याची वेळ धरली तर दहाची सगळी औषधं पावणेअकराला दिलेली दिसतील, आणि कुणीतरी त्यावरून मेमो काढेल. पुढच्या आठवड्यापासून औषध देण्याआधीच बटण दाबलं जाईल, जे कितीतरी धोकादायक आहे. नोंदीची वेळ आपोआप घ्या, दिल्याची वेळ बदलता येऊ द्या, दोन्ही जपून ठेवा. आणि ही माहिती शिक्षेसाठी वापरली जाणार नाही हे लेखी घ्या.

नेट जाणारच. पण औषधांच्या बाबतीत 'ऑफलाइन नोंदवा, नंतर जुळवू' ही सोय जपून वापरा. दोन टॅबलेट एकमेकांना दिसत नसताना दोन सिस्टरांनी तोच डोस दिला, तर नंतर जुळवून काय उपयोग? वॉर्डातच एक छोटा सर्व्हर ठेवा, म्हणजे इंटरनेट नसलं तरी वॉर्डातल्या वॉर्डात काम चालेल. तेही बंद पडलं तर एका ट्रॉलीचे पेशंट त्याच ट्रॉलीच्या टॅबलेटवर, एवढा नियम पुरे.

पायरी ६: लॉगिन

आठ अक्षरांचा पासवर्ड, एक चिन्ह, एक मोठं अक्षर, आणि पाच मिनिटांनी आपोआप लॉगआउट. हे ठेवलंत की पहिल्याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टरचा पासवर्ड मायक्रोपोरच्या चिकटपट्टीवर लिहून टॅबलेटच्या मागे चिकटवलेला मिळेल आणि अख्खा वॉर्ड एकाच नावाने नोंदी करेल. यात बेशिस्त शोधू नका. फेरीत दर काही मिनिटांनी पासवर्ड टाकणं अशक्य असतं. ओळखपत्र टेकवून आत जाणं किंवा पाळीच्या सुरुवातीला एकदा लॉगिन आणि नंतर चार अंकी पिन, यातलं एक करा. कुणी मध्येच हाक मारली तर परत आल्यावर तोच पेशंट, तेच पान उघडायला हवं, पण पेशंटचं नाव पुन्हा ठळक दाखवून.

पायरी ७: इशारे कमी, फार कमी

रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने एप्रिल २०१३ मध्ये रुग्णालयांना अलार्मच्या अतिरेकाबद्दल सावध केलं. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटना आल्या होत्या, त्यातल्या ८० मध्ये रुग्ण दगावला. सतत वाजणाऱ्या यंत्राचा आवाज माणूस ऐकेनासा होतो किंवा बंदच करून टाकतो.

फेरीच्या ॲपला आवाजाची गरज जवळजवळ नसते. पान अडवून धरणारा इशारा दोनच ठिकाणी ठेवा: नोंदलेल्या ॲलर्जीचं औषध आणि आधीच दिलेला डोस. बाकी सगळं ओळीवरच दिसू द्या. इशाऱ्यात काय झालंय आणि आता काय करायचं हे सरळ मराठीत लिहा, संकेतांक नको.

पायरी ८: चाचणी

पहिली चाचणी कागदावर काढलेल्या पानांनी करा, ट्रॉलीवर ठेवून. कोडआधी बऱ्याच चुका तिथेच निघतात. नंतर रिकाम्या खोलीत दोन-तीन कॉट, खोटे पेशंट, खऱ्या रिकाम्या कुप्या, आणि मुद्दाम व्यत्यय: फोन वाजवा, 'सिस्टर, सलाईन संपलं' म्हणून कुणाला तरी हाक मारायला लावा. त्यात सापळे ठेवा, जसं सारख्या नावाचे दोन पेशंट किंवा चुकीच्या तीव्रतेची इन्शुलिनची कुपी. काम करता करता मोठ्याने विचार बोलायला लावू नका, डोस काढताना तो स्वतःच एक व्यत्यय होतो. नंतर शांतपणे विचारा. मेट्रन आणि साहेब खोलीत नकोत.

सुधारणेसाठी एका वेळी पाच-सहा सिस्टर पुरतात. शेवटच्या पडताळणीसाठी औषधं आणि उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएची २०१६ ची मार्गदर्शिका प्रत्येक वापरकर्ता गटातून किमान १५ जण घ्या म्हणते. त्यात नवख्या आणि निवृत्तीला आलेल्या दोन्ही सिस्टर असू द्या, ब्रदर (पुरुष परिचारक) ही. 'ॲप आवडलं का' या उत्तराला फार किंमत देऊ नका. आपल्याकडे पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही.

पायरी ९: सुरुवात

पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये अवघ्या सहा दिवसांत सगळ्या विभागांत संगणकीय ऑर्डर पद्धत आणली. आधी गंभीर मूल वाटेत असतानाच औषधं तयार ठेवता येत. नव्या पद्धतीत मुलाची नोंदणी झाल्याशिवाय ऑर्डरच टाकता येत नव्हती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाहेरून हलवलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर बसवलेल्या सिएटलच्या बालरुग्णालयात मात्र अशी वाढ आढळली नाही.

तेव्हा एकच वॉर्ड घ्या, आणि तोही सर्वांत उत्साही नको, मध्यम घ्या. पहिले दोन आठवडे तुमचा माणूस रात्रीही वॉर्डात हवा. कागद आणि ॲप बरोबर चालवायचं असेल तर शेवटची तारीख आधीच जाहीर करा, दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त नको. यंत्रणा बंद पडली तर वापरायची कोरी ड्रग शीट ट्रॉलीत ठेवा आणि बंद काळातल्या नोंदी नंतर कोण, किती वेळात चढवणार तेही ठरवा. याची रंगीत तालीम दिवसा एकदा, रात्री एकदा.

पायरी १०: तिसऱ्या महिन्यात

पुन्हा वही घेऊन उभे राहा. पहिल्या पायरीतलेच चार रकाने. चिठ्ठ्या परत खिशात आल्यात का? कुणाच्या नावाने अशक्य इतक्या नोंदी होतायत का? 'इतर' किती वेळा दाबलं जातंय? ओव्हर आता पडद्यावरून दिला जातो की जुन्या वहीतून? प्रत्येक वळशाखाली कारण लिहा, आणि त्या कारणावर उपाय आधी स्क्रीनमध्ये शोधा, परिपत्रकात नाही. जाणाऱ्या कागदांची सही केलेली यादीही सोबत न्या. त्यातला एखादा अजून ट्रॉलीवर दिसला, तर पुढचा वॉर्ड घेण्याआधी तो का राहिला ते शोधा.